बेकरीवाल्याची अर्धी हजामत

आमच्या घरात प्रार्थनेचं खातं बायकोकडे होतं. ती डोळे मिटून देवाशी बोलायची, मी शेवटी आमेन म्हणायचो. ताटं वाढली की ती सुरू व्हायची, आणि सगळ्या नातलगांची दुखणी देवाच्या कानावर घालून होईपर्यंत भाजी निवायची.

"आटप गं, देवाला सगळं माहीत असतं," मी म्हणायचो.

"त्याला असतं, तुम्हाला नसतं," ती म्हणायची.

ती देवाघरी गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवत होतो. प्रार्थना बंद. देवावर रागबिग नव्हता, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीतली काही माणसं दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनेला जमतात. ज्याचं घर, त्याने पहिली प्रार्थना करायची. आता माझी पाळी आली. मी न्हावी. दुकानात तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो. पण माणसं समोर बसून माझ्याकडे बघायला लागली की जीभ टाळूला चिकटते. मी ठरवलं, सगळ्यांना चहा पाजायचा आणि सांगून टाकायचं की यापुढे मी येणार नाही.

गुरुवारी तिघं आली. पुढे बेकरीवाला. मागे बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आम्हाला अजून बाकावर बसवल्यासारखं बसवणाऱ्या. शेवटी रात्रपाळीला निघालेली नर्स. चहा झाला. मी उभा राहिलो.

"मला हे जमायचं नाही. आमच्याकडे ते ती बघायची. पुढच्या वेळेपासून मला धरू नका."

बाईंनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला बोलता येत नाही?" बेकरीवाला म्हणाला. "मागच्या खेपेला माझी मान धरून मेहुण्याच्या कोर्टकचेरीची अख्खी कथा ऐकवलीत. मला उठताही येत नव्हतं."

"ते वेगळं. तिथे हातात डोकं असतं, आणि तोंड पलीकडे."

"मग हे घ्या." त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. "वाढलेतही. कात्री आणा."

"अहो, प्रार्थनेच्या वेळी केस कापायचे?" नर्स म्हणाली.

"आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आपण प्रार्थना करतोच ना?" बाई म्हणाल्या. "हे तर जन्मभर लोकांच्या डोक्यावर हात ठेवत आलेत. तू एक चादर आण बघू. आणि आपणही तोंडं भिंतीकडे करू."

तीन पाठी माझ्यासमोर आल्या. मी चादर गुंडाळली, बेकरीवाल्याची मान वाकवली. कात्री दोन-चारदा वाजली आणि तोंड आपोआप सुरू झालं.

"देवा, या माणसाच्या केसांत पीठ आहे. पहाटे उठतो, त्याला झोप पुरी मिळू दे. बाईंच्या गुडघ्यांकडे बघ. नर्सच्या वॉर्डातल्यांना आजची रात्र बरी जाऊ दे, म्हणजे तिलाही टेकायला मिळेल. माझं काय सांगू. घर फार गप्प झालंय. चहाला मी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. ती तिथे तुझ्याशी लांबलचक बोलत असेल. तिला आटप म्हणू नकोस."

बाईंनी नाक ओढलं. बेकरीवाल्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, मागून कळेना. कात्री चालवायची सोय राहिली नाही. मी आमेन म्हणालो. तिघांनी लगेच मागोमाग म्हटलं. इतकी वर्षं ते काम माझं होतं.

बेकरीवाला आरशापुढे गेला. डावी बाजू छान बारीक, उजवीकडे जंगल.

"बसा, पुरं करतो," मी म्हणालो.

"राहू द्या. उरलेलं पुढच्या गुरुवारी, माझ्या घरी. बघू कसे येत नाही ते."

"गिऱ्हाइकं हसतील."

"हसू देत. सांगेन, आमच्या न्हाव्याच्या देवाशी गप्पा रंगल्या होत्या."

"त्याच्या पुढच्या गुरुवारी माझ्याकडे," बाई चपला घालताना म्हणाल्या. "माझीही टोकं कापायची आहेत."

सगळे गेल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी टेबलाशी बसलो. हातात कुणाचं डोकं नव्हतं, म्हणून आपलंच धरलं. आधी बेकरीवाला आठवला, मग बाई, मग नर्स, मग मेहुणा आणि त्याची कोर्टकचेरी.

जेवायला लागलो तेव्हा भाजी निवली होती.