बाकाच्या कामाला

काही मोडल्याशिवाय सुताराला आयुष्यात कोणी बोलावलं नव्हतं. दार घासतंय, खुर्ची डुगडुगतेय, जरा येऊन बघून जा. त्यामुळे पाचवीतल्या लेकीनं "शाळेत पालकांना बोलावलंय" असं सांगितलं, तेव्हा तो धुतलेला शर्ट घालून निघाला खरा, पण खांद्याला हत्यारांची पिशवी होतीच.

लेक आता स्वतःच शाळेत बाई आहे. पण त्या पिशवीचा भुशाचा आणि तेलाचा वास तिला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं आणि लाजही वाटते.

त्या दिवशी मुलं मागच्या बाकांवर होती आणि पालक पुढं, घरच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे. कोणी गृहपाठ कमी का म्हणून जाब विचारत होतं, कोणी अर्ध्या गुणासाठी बाईंशी हुज्जत घालत होतं. सुतार दारातच उभा राहिला.

"कोणाकडे आलात?" बाईंनी पिशवीकडे बघत विचारलं.

त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं वहीत डोकं खुपसलं. शेजारी डॉक्टरांची मुलगी बसली होती, एवढंच कारण.

"बाकाच्या कामाला आलोय," सुतार म्हणाला.

मग बाईंच्या टेबलाशेजारचा बाक आडवा करून तो तासभर त्याच्याशी खुडबुडत बसला. एवढ्या वेळात त्यानं अख्खं दार बसवलं असतं. बाईंनी वहीत लेकीच्या नावापुढं 'पालक गैरहजर' लिहिलं. घरी जाताना तो रस्ताभर शीळ घालत होता. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तर तिला सोसलं असतं.

आज तिच्याच वर्गात पालकसभा होती. एक रंगारी दारात घुटमळला. कोपरापर्यंत चुना लागलेला. मागं एका मुलीनं वहीत डोकं खुपसलं. ते डोकं बाईंनी बरोबर ओळखलं.

"या, हिचे बाबा ना तुम्ही? इथं पुढं बसा."

सभा संपल्यावर ती घरी न जाता थेट वडिलांकडे गेली. पिशवी आता खुंटीला असते. म्हाताऱ्याचे हात थरथरतात.

"बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळख दिली नाही," ती म्हणाली. "तुम्ही हातातलं काम टाकून आलात, आणि मी गणितात वर्गात पहिली आलेय हेसुद्धा तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

"कळलं की मला."

"कसं?"

"बाई त्या डॉक्टरांना सांगत होत्या ना. तुमच्या मुलीला मुद्दाम गणितात पहिल्या आलेल्या मुलीशेजारी बसवलंय, म्हणजे तिचंही गणित सुधारेल." म्हातारा गालातल्या गालात हसला. "तो बाक चांगला धडधाकट होता गं. चारही स्क्रू काढले आणि परत लावले. दोनदा."