बूड घासलेला दगड

म्हसावदच्या भिला पाटलाच्या कापसाच्या शेतात धाडकन पडलेला काळा दगड खरोखर आकाशातला आहे, हे त्याच्या लेकीला, ममताला, सिद्ध करायचं होतं. भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गात तिने आधी दोनदा दगड नेले होते. एक वीटभट्टीतला जळका गोळा निघाला, दुसरा साधा सातपुड्याचा. वर्ग खो खो हसला. "आता पुरावा असेल तरच फोन कर, नाहीतर विषय बदल," मॅडमनी ठणकावलं होतं.

म्हणून ती नाशिकहून पहिल्या एस.टी.ने घरी आली, आणि थेट दगडाकडे गेली. दगड ओला होता आणि त्याचं बूड चक्क सपाट!

"माय, हाई काय करं तू?"

"देवघरमा ठेवाले गऊ तं डुली ऱ्हायंता," कमलबाई शांतपणे म्हणाली. "मंग धुनाना दगडवर वाळू टाकीसन बूड घासं. डुलता देव कोन पुजस?"

ममताला रडूच कोसळलं. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याची आईने पार पाय घासायची वजरी करून टाकली होती! ओढणीने दगड पुसता पुसता, निव्वळ सवयीने, तिने भिंग डोळ्याला लावलं आणि रडणं विसरली.

घासलेल्या बुडावर मोहरीएवढे गोल दाणे दिसत होते. मधूनमधून लोखंडाचे मोजके कण चमकत होते. असे दाणे ना भट्टीच्या गोळ्यात असतात, ना सातपुड्याच्या दगडात. शिवाय त्यांच्या कडा स्पष्ट होत्या, एकमेकांत विरघळल्या नव्हत्या. म्हणजे हा दगड जन्मापासून फारसा तापलेलाच नव्हता. वितळलं होतं ते फक्त वरचं काळं कवच. प्रयोगशाळेत ज्यासाठी दगड कापून घासावा लागतो, ते आईने धुण्याच्या दगडावर उरकलं होतं.

तिने मॅडमना फोटो पाठवले. पाचच मिनिटांत फोन वाजला.

"कोंड्राइट आहे गं, गोल दाण्यांचा अस्सल उल्कापाषाण! लोखंड कमी दिसतंय, पण नेमका कोणत्या गटातला, ते पातळ काप काढूनच ठरवू. उद्या येते. आणि आता पाणी लावू नका त्याला. घासलं कुणी इतकं छान?"

"आईने," ममता म्हणाली. तिचा ऊर अभिमानाने भरून आला. वहीत तिने पहिली ओळ लिहिली: नमुना घासणारी, कमलबाई भिला पाटील.

"काय म्हनी तुन्ही मॅडम?"

"येई ऱ्हायनी. पन माय, तिले येक तुकडा लागी."

कमलबाईने दगड हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"वरतून ने," ती म्हणाली. "बूड ऱ्हाऊ दे. आते कोठे नीट बठना शे."