स्क्रीनवरचे साठ अंश

पुण्याच्या एका नव्या कंपनीनं मला तो दांडा पाठवला, तेव्हा मी आधी त्याचे फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकले. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकाचे वर्ग घेते. चौदा बायका येतात. त्यातल्या बऱ्याच जणींनी मोबाइलवर पाहिलं होतं, की मोठ्या हॉटेलांत मांस उकळत्या पाण्यात शिजवतच नाहीत. मसाल्यासकट जाड पिशवीत हवा काढून बंद करतात आणि ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात दोन-दोन तास सोडून देतात. याला सू वीद म्हणतात. त्याचं यंत्र बारा-पंधरा हजारांना मिळतं, म्हणून आमच्यापैकी कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं. हा दांडा साडेतीन हजारांचा होता. हातभर लांब, काळा. गंजाच्या, म्हणजे उभ्या पातेल्याच्या, काठाला चिमट्यानं लावायचा, वरच्या स्क्रीनवर तापमानाचा आकडा लावायचा; खालचं टोक पाणी तापवतं आणि आतला छोटा पंखा ते फिरवत राहतो. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, की वापरून पाहा आणि घरगुती स्वयंपाकघरासाठी कसा आहे ते तुमच्या बायकांना सांगा.

मी बायकांना रविवारी निकाल सांगायचा वायदा केला.

पहिल्या दिवशी दुपारी मी लहान गंजात साठ अंशांवर चिकन लावलं. दोन तासांनी पिशवी उघडली, तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसतं भाजलं, आणि तुकडा तोंडात घातल्यावर मी स्वतःशीच हसले. इतकं मऊ आणि रसरशीत चिकन माझ्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाजरं लावली, पंच्याऐंशीवर, लोणी आणि जिरं घालून. ती तर खव्यासारखी गोड लागली. माझ्या मनात निकाल लागला होता.

सासूबाई, म्हणजे वच्छलाबाई, मात्र पहिल्याच दिवशी चिकनच्या ताटलीकडे बराच वेळ पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "उकळी तं आलीच नाई. मंग शिजलं कसं?"

"आई, साठ अंशाले शिजते. फक्त वेळ जास्त लागते."

"साठ हाये हे कोनी सांगतलं?" हे सासरे बोलले. ते दारात उभे होते.

"स्क्रीनवर लिहून येते ना, मामाजी."

"आन् स्क्रीनले कोनी तपासलं?"

माझे सासरे, तानबाजी, वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं अटेंडंट होते. काचेची भांडी धुणं, उपकरणं मांडणं, मोडलेलं जोडणं ही त्यांची नोकरी. निवृत्त झाले तेव्हा विभागातल्या प्राध्यापकांनी विचारलं, काय देऊ, तर त्यांनी शाल नको म्हणून सांगितलं आणि एक चांगला पाऱ्याचा थर्मामीटर मागितला. तो लाकडी पेटीत त्यांच्या कपाटात असे. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मी तो एकदाही बाहेर निघालेला पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी थर्मामीटरचीच तपासणी केली. फ्रिजमधला बर्फ कुटून पेल्यात भरला, त्यात थोडं पाणी घातलं, थर्मामीटर उभा धरून पाच मिनिटं थांबले. मग गॅसवर पाणी खळखळून उकळू दिलं. माझ्या मुलीच्या जुन्या वहीत त्यांनी दोन आकडे लिहिले.

मी डोकावून म्हटलं, "शंभर नाई आले?"

"वर्ध्यात पानी शंभरावर उकळत नाई बेटा. आपुन समुद्राच्या वर हाओत. नव्व्यान्नवच्या जराक वर उकळते. हा पाव अंश जास्त दाखवते, तेवढा वजा करायचा."

मग दांडा लावला. स्क्रीनवर साठ, थर्मामीटरवर एकोणसाठ पूर्णांक आठ. दर पंधरा मिनिटांनी ते वाकून वाचत आणि लिहीत. दोन तास आकडा जागचा हलला नाही.

"झालं मंग," मी म्हटलं. "पास."

"सकाळी पास हाये," ते म्हणाले. "मोठ्या गंजात पाह्यचं हाये. संध्याकाळी पाह्यचं हाये. झाकन ठेवून, न ठेवून. चार दिवस दे मले."

चार दिवस म्हणजे रविवार हुकणार होता. मी वर्गात सांगितलं, की अजून तपासणी चालू आहे. पंचफुलाबाई आमच्या वर्गात सगळ्यांत हौशी. त्यांना पुढच्या आठवड्यात मुलगा-सून आल्यावर करून घालायचं होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमीच म्हटलं ना, चिकन लोन्यासारखं झालं. आता कशाची तपासनी?" बाकीच्या हसल्या. मला ते हसणं लागलं. माझा वर्ग माझ्या शब्दावर चालतो, आणि माझाच शब्द मी पुढं ढकलत होते.

वर्ग संपवून आत आले तर स्वयंपाकघराचा अर्धा ओटा त्यांनी अडवलेला. वही, घड्याळ, वीजदाब मोजायचा मीटर. रात्रीची भाजी कुठं चिरावी असा प्रश्न. मी चिडून बोलले, "मामाजी, हा काई कॉलेजचा प्रयोग नाई. बायकाइले स्वयंपाक करायचा हाये."

त्यांनी वही उचलून बाजूला घेतली, मला चिरायच्या फळीपुरती जागा करून दिली आणि पुन्हा घड्याळाकडे पाहू लागले. मी भाजी चिरली, पण माझं मला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दहा लिटरचा गंज भरला. वर्गात दाखवताना मी तोच वापरणार होते. सात वाजून गेले. या वेळेला आमच्याकडे दिव्यांचा उजेड पिवळट होतो. सगळ्या घरांतले कूलर, मोटारी, मिक्सर एकदम चालू असतात. वीजदाबाचा मीटर दोनशे तीसऐवजी एकशे अठ्ठ्याहत्तर व्होल्ट दाखवत होता. त्यांनी मला हाक मारली.

"सपना, वाच."

"तुमीच सांगा ना."

"मी सांगितलं तं तू माह्यावर विश्वास ठेवशील. थर्मामीटरवर ठेव. खाली वाक, डोळा पाऱ्याच्या बराबरीत आन."

मी वाकले. दांडा गंजाच्या एका काठाला होता आणि थर्मामीटर समोरच्या काठाला. पारा चोपन्नाच्या थोडा वर थांबला होता. मी दांड्याकडे पाहिलं. स्क्रीनवर साठ. मी पुन्हा वाकून वाचलं. चोपन्नच.

"बिघडला काय?"

"नाई. पाह्य." त्यांनी डब्यातली चिमूटभर हळद पाण्यात सोडली. सकाळी त्यांनी हेच केलं होतं म्हणे, तेव्हा अर्ध्या मिनिटात सगळा गंज पिवळा झाला होता. आता हळद दांड्याजवळ ढगासारखी घुटमळत राहिली. पलीकडं पाणी जसंच्या तसं.

"वीज कमी झाली का पंखा ढिला पडते," ते म्हणाले. "पानी फिरत नाई. दांड्यातलं तापमान मोजनारं टोक तापवनाऱ्या भागाच्या अगदी जवळ हाये. त्याले आपल्याजवळचं गरम पानी दिसते, ते म्हनते साठ झाले. आन् तुही पिशवी पल्याड चोपन्नात पडून हाये."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. साठ अंशांत दोन तास ठेवलेलं चिकन खायला ठीक. चोपन्नात तेवढाच वेळ ठेवलेल्यात जंतू जिवंत राहू शकतात, हे मला माहीत होतं. मी स्वतःच ते वर्गात शिकवते. बायका स्वयंपाक करतात संध्याकाळीच, आणि घरात माणसं जास्त म्हणून मोठ्या गंजात. पंचफुलाबाईंनी तर तसंच केलं असतं. मी रविवारी हो म्हटलं असतं तर चौदा घरांत माझ्या शब्दावर हे शिजलं असतं.

"मामाजी, मी तुमाले बोलली त्या दिवशी."

"कोनाले तरी घाई असलीच पाहिजे, नाई तं कामं होत नाई," ते म्हणाले आणि वहीत वेळ लिहिली.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली काम केलं. सहा लिटर पाणी, वर झाकण: संध्याकाळीसुद्धा अठ्ठावन्न पूर्णांक नऊ. आठ लिटरला घसरण सुरू. पिशव्या गर्दी करून टाकल्या तर आणखी घसरण. दोन पिशव्यांत बोटभर अंतर ठेवलं तर ठीक. बुधवारच्या वर्गात मी सगळं सांगितलं, काही न लपवता. दांडा चांगला आहे, पैशाच्या मानानं खूप चांगला आहे. सहा लिटरच्या वर नको, झाकणाशिवाय नको, दिवे पिवळे पडले की चिकन नको, गाजर-बटाटा खुशाल करा. पंचफुलाबाईंनी विचारलं, "हे कोनी शोधलं?" मी म्हटलं, "माह्या सासऱ्यांनी." म्हणताना माझा आवाज जरा मोठाच झाला.

तेच सगळं मी कंपनीला लिहून पाठवलं, वहीच्या पानांच्या फोटोंसकट. दोन दिवसांनी फोन आला. योगेंद्र नावाचा इंजिनिअर होता, आवाजावरून तिशीतला. सभ्यपणे पण ठाम बोलत होता. म्हणाला, कंपनीत सगळ्या चाचण्या झाल्या आहेत, घरगुती थर्मामीटर पाच-सहा अंश चुकू शकतात. मी फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांपुढं ठेवला.

"साहेब, थर्मामीटर पाऱ्याचा हाये," ते सावकाश म्हणाले. "बर्फात तपासला, उकळत्या पान्यात तपासला. पाव अंशाची दुरुस्ती पहिल्या पानावर लिहिली हाये. तुमी तुमची चाचनी किती व्होल्टला केली?"

"दोनशे तीस."

"एकशे ऐंशीले करून पाहा. दहा लिटर पानी घ्या, आन् थर्मामीटर दांड्याच्या समोरच्या काठाले धरा. जवळ नका धरू."

पलीकडं कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "करून पाहतो, सर."

सर. फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी चष्मा काढून पंचाच्या टोकानं पुसला, आणि पुसून झालेला पुन्हा पुसत बसले. कॉलेजात त्यांना सगळे तानबा म्हणत. प्राध्यापकही, आणि वीस वर्षांची पोरंही.

आठवडाभरानं योगेंद्र स्वतः आला. सकाळच्या गाडीनं सेवाग्रामला उतरून थेट आमच्याकडे. बरोबर दोन नवे दांडे, पंखा बदललेले, आणि तापमान मोजणारं टोक खालून काढून वर एका बाजूला बसवलेलं. पुण्यात त्यांना पंचावन्न मिळाले होते. "तुमचे चोपन्न आणि आमचे पंचावन्न," तो म्हणाला, "तुमचा गंज रुंद होता, म्हणून." दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो आमच्या ओट्यापाशी उभा होता. सासूबाईंनी त्याला दोनदा जेवायला वाढलं. साडेसात वाजता, एकशे ब्याऐंशी व्होल्टला, दहा लिटरमध्ये पारा एकोणसाठावर होता, आणि हळद पाण्यात टाकल्याबरोबर गंजभर पसरली. योगेंद्र वाकून वाचत होता आणि सासरे त्याच्या खांद्यामागून पाहत होते. दोघांच्या तोंडून एकाच वेळी आकडा निघाला.

चहा घेताना तो म्हणाला, "सर, नव्या माहितीपत्रकात तुमची चाचणी छापायची आहे. भारतातल्या वीजदाबावर घरात केलेली. तुमचं नाव आणि खाली काय लिहू? निवृत्त प्रयोगशाळा तज्ज्ञ?"

मी मनात हो म्हटलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"अटेंडंट लिहा. निवृत्त प्रयोगशाळा अटेंडंट. मी तेच होतो, आन् हे काम मले तिथंच आलं."

"सर, तज्ज्ञ म्हटलं तर लोक जास्त विश्वास ठेवतील."

"लोकाइनं थर्मामीटरवर ठेवावा," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात माहितीपत्रकं आली. गुळगुळीत कागद, तिसऱ्या पानावर तक्ता: किती लिटर, किती व्होल्ट, किती अंश. खाली त्यांचं नाव, हुद्दा आणि वर्धा. माझ्या नवऱ्यानं, नीलेशनं, तीन प्रती मागून घेतल्या आणि ऑफिसात नेल्या. वर्गातल्या नऊ जणींनी नवा दांडा घेतला. पाच जणींनी घेतला नाही. त्यांच्या घरी शाकाहार आहे, कुकरमध्ये भागतं, आणि मीही त्यांना घ्या म्हटलं नाही.

सासरे माहितीपत्रकाबद्दल कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी नेहमीसारखी टोपी घातली, फिरायला निघाले. मी फाटक लावायला बाहेर आले होते. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली ते थांबले, सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला गुळगुळीत कागद काढला, हातभर लांब धरून वाचला. मग नीट घडी घालून परत ठेवला आणि पुढं चालू लागले.