सत्तावन्न माणसं

हा स्टिकर माझा नाहीये रे विवेक. हसतोस काय? एफ-वन व्हिसावर मला कोण मत देऊ देणार? ‘आय व्होटेड’ लिहिलेलं दिसलं की झालं चिडवणं सुरू! तो मिस अर्नस्टीनचा आहे. तिनेच माझ्या जॅकेटवर चिकटवला, शहाण्णवच्या नोव्हेंबरमध्ये, आणि तेव्हापासून मी हे जॅकेट धुतलेलं नाही. शी काय, शीला? तुझ्या पार्सिपनीला येताना रात्रभर बसमध्ये हेच पांघरलं होतं मी.

थांब, सांगते. लहू, ती पाकिटं सरकव इकडे, सहा डिसेंबरची आमंत्रणं सोमवारी पडायलाच हवीत पोस्टात. चिकटवता चिकटवता सांगते. फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर मला रडू येईल आणि सगळं अर्धवट राहील.

तर मिस अर्नस्टीन म्हणजे माझी घरमालकीण, विन्स्टन-सेलमला. काळी बाई, तेव्हा ऐंशीची, खाली एकटी राहायची आणि वरची खोली मला दिलेली. चाळीस वर्षं तंबाखूच्या फॅक्टरीत होती, पानाच्या शिरा काढायला. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, माझी आई कामठीला बिड्या वळते. तर तिने काय करावं, माझा हात धरला आणि चक्क हुंगला! म्हणाली, “तुझ्या हाताला वास नाही.” मी म्हटलं, आईने मला सुपाजवळ बसूच दिलं नाही ना, अभ्यासाला बस म्हणायची. “मग शहाणी आहे तुझी आई,” म्हणाली, आणि भाडं पंचवीस डॉलरने कमी केलं. तिथेच, दारात उभ्या उभ्या!

मला बेबी म्हणायची. तिकडे म्हाताऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, आपण मावशी म्हणतो तसं, म्हणून सगळे तिला मिस अर्नस्टीन म्हणायचे. एकदा मी गमतीत म्हटलं, मला पण मिस म्हणा की, मिस रामटेके. यार, तिचा चेहराच बदलला. म्हणाली, “आमच्या फोरमनची दहा वर्षांची पोरगी बापाचा डबा घेऊन यायची. तिला मी मिस हॉब्स म्हणायचे आणि ती मला नुसतं अर्नस्टीन. ते असलं मिस म्हणजे तोंडावर हसायचं आणि आतून दार लावून घ्यायचं. तू बेबी आहेस, बेबीच राहा.”

हे लक्षात ठेवा हं, पुढे लागेल.

आता डिस्ट्रिक्टचं. तिची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे तिचा डिस्ट्रिक्ट, आपला मतदारसंघ असतो तसा, बारावा. काँग्रेसचा. आपली काँग्रेस नाही रे, इथली लोकसभा समज! १९०१ नंतर ब्याण्णव सालापर्यंत त्या अख्ख्या स्टेटमधून एकसुद्धा काळा माणूस तिथे निवडून गेला नव्हता. एक्याण्णव वर्षं! मग ब्याण्णवला नवीन डिस्ट्रिक्ट आखले, त्यात हा बारावा, आणि त्यातून काळा माणूस निवडून आला, तिचा माणूस. हायवेला धरून दीडशे-एक मैल नुसता लांबच लांब, नकाशात बघशील तर वरण सांडून ओघळ गेल्यासारखा. पेपरवाले त्याला काय काय नावं ठेवायचे. पण मिस अर्नस्टीनने त्याचा नकाशा फ्रिजवर लावलेला, पिवळ्या पेन्सिलने रंगवून. म्हणायची, “वाकडा असेल. सरळ होते तेव्हा आम्ही कुठे होतो त्यांच्यात?”

मी तिला पुणे कराराचं पण सांगितलं होतं. बाबांनी मला लहानपणी समजावलं होतं ना तसंच, की बाबासाहेबांना आपल्या लोकांसाठी वेगळे मतदारसंघ हवे होते आणि मिळाल्या राखीव जागा, म्हणजे उमेदवार आपला पण मत सगळ्या गावाचं. ती भेंडी चिरत होती. सुरी थांबवून म्हणाली, “म्हणजे खुर्ची तुमची, पण त्यात कोणाला बसवायचं ते ठरवणार ते?” बस. एका वाक्यात. माझ्या एम.ए. पोलिटिकलवाल्या काकांना पण इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

आणि मत देणं तिला फुकट मिळालेलं नव्हतं. तिच्या वेळी नाव नोंदवायला गेलं की राज्यघटनेतला तुकडा वाचून दाखवा, लिहून दाखवा, असली परीक्षा होती. तिला दोनदा परत पाठवलं. मग फॅक्टरीतली मैत्रीण, मिस लूला, जी स्वतः आधी पास झालेली, तिने जेवणाच्या सुट्टीत रोज तिच्याकडून लिहून घेतलं, सिगरेटच्या रिकाम्या खोक्यांच्या पाठीवर, आणि तिसऱ्यांदा स्वतः सोबत गेली. तेव्हा कुठे. नंतर वीस वर्षं मिस अर्नस्टीन बूथवर बसायची, तेच ते स्टिकर वाटायची. शहाण्णवला मी तिला गाडीने नेलं तर आपला स्टिकर काढून माझ्या जॅकेटवर लावला. “अर्धं मत तुझं, बेबी.”

पण त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की हा डिस्ट्रिक्ट चालणार नाही, वंश बघून आखलाय, परत आखा. आणि माझे प्रोफेसर कोणाचे कन्सल्टंट होते, तर नवीन नकाशा करणाऱ्यांचे. आणि माऊस कोणाच्या हातात? माझ्या. आरए होते ना मी, त्यांची रिसर्च असिस्टंट, तासाला नऊ डॉलर.

स्क्रीनवर सगळं शहर असं ब्लॉक ब्लॉक दिसायचं. एक ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला तुकडा. हिरवा म्हणजे बाराव्यात, पांढरा म्हणजे बाहेर; त्यावर क्लिक केलं की हिरव्याचा पांढरा, आणि बाजूला आकडा बदलतो. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये माणसं सारखी लागतात, साडेपाच लाख आणि वर काही, आणि एका माणसाचाही फरक ठेवायचा नाही असं प्रोफेसरांचं म्हणणं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये त्यांनी मला आमच्या भागाचा कोपरा दिला, म्हणाले कडा साफ कर. मी झूम केलं तर काय, आमची गल्ली बाहेर! आमचं घर, तिचा फ्रिज, सगळं पांढऱ्यात.

मी काय करायला हवं होतं? काहीच नाही, काम करून घरी यायचं होतं. पण मी आमचा ब्लॉक क्लिक केला. हिरवा झाला. सत्तावन्न माणसं जास्त झाली. मग कडेकडेने शोधत बसले, दुसरा एखादा सत्तावन्नचा ब्लॉक मिळतो का. दीड तासाने मिळाला. एकच छोटासा तुकडा, एकदम सत्तावन्न, जसा माझ्यासाठीच ठेवलेला. क्लिक. पांढरा. आकडा जुळला. प्रोफेसरांनी विचारलं, “बॅलन्स झालं?” मी म्हटलं, झालं. मला इतका आनंद झाला ना, घरी जाऊन मी पुरणपोळ्या केल्या! तिला काही सांगितलं नाही. ती खात राहिली आणि विचारत राहिली, “आज काय आहे बेबी, तुमचा सण आहे का?”

नकाशा नंतर पण एकदा बदलला, पण आमचा कोपरा मी केला तसाच राहिला.

मग यावर्षी जानेवारीत ती मागच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड. अटलांटाहून भाचा आला, त्याने घर विकायला काढलं आणि तिला नर्सिंग होममध्ये ठेवलं. तो तरी काय करणार, ती एकटी, वर मी एक भाडेकरू. मी पहिल्यांदा भेटायला गेले, आमच्या घरापासून गाडीने सहा मिनिटं. आत शिरताना रस्त्याच्या पाटीवर नाव वाचलं, ओल्ड मिल लेन, आणि मला वाटलं हे मी कुठे तरी बघितलंय. आत ती मजेत होती! “बेबी, बघ कोण आहे इथे!” खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये मिस लूला. अकरा वर्षांपासून तिथेच राहते, दोघी परत एकत्र. मिस लूलाने माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, हीच का ती बिडीवाल्या आईची मुलगी?

तिथून मी थेट लॅबला गेले. नकाशा उघडला. कर्सर नेला ओल्ड मिल लेनवर.

हो लहू. सत्तावन्न.

एकही घर नाही त्या ब्लॉकमध्ये, नुसतं ते होम. सेन्ससमध्ये होममधली माणसं पण मोजतात. मी इतकी वर्षं डेटाबरोबर काम करतेय, मला कळायला नको होतं? एवढ्याशा तुकड्यात सत्तावन्न माणसं कशी राहतील, हा प्रश्न पण पडला नाही. लहू, तूच सांगतोस ना तुझ्या आजोबांचं, की गावाची हद्द कुठे संपते हे त्यांना नकाशा न बघता कळायचं, कारण हद्दीच्या बाहेर तेच राहायचे. आणि मी, तसल्याच आजोबांची नात, निघाले हद्द काढणारी.

उन्हाळ्यात तिने पत्ता बदलायचं कार्ड मागवलं, मतदार यादीसाठी. मी म्हटलं, मिस अर्नस्टीन, राहू दे ना जुनाच पत्ता, घर अजून विकलं गेलेलं नाही, कोणाला कळणार आहे? तिने चष्म्यावरून बघितलं. “वीस वर्षं मी बूथवर लोकांना शपथ घ्यायला लावली की इथेच राहता ना. आणि आता मी खोटं बोलू?” तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच! तोंड उघडलं पण होतं. मग मी तिला पेन दिलं.

ऑक्टोबरमध्ये पोस्टाने बॅलट आलं, मतपत्रिका. शनिवार होता, दुपारचं ऊन तिच्या पलंगावर. तिने एकदा वाचलं, परत वाचलं. “माझ्या माणसाचं नाव नाही यात.”

मी म्हटलं, रेघ सरकली.

“कोणी सरकवली?”

आणि मी सांगितलं. सगळं. मार्च, माऊस, हिरवं, पांढरं. म्हटलं तुम्हाला आत ठेवायला केलं हो, तुमच्यासाठी. ती ऐकत होती, बॅलटची घडी परत परत सरळ करत.

“इथली किती माणसं होती तुझ्या कागदावर?”

“सत्तावन्न.”

ती खिडकीकडे बघत राहिली. मिस लूला तिथे बसल्या बसल्या डुलकी काढत होती, मांडीवर तिचं बॅलट. “म्हणजे मला आत घ्यायला तू लूलाला बाहेर काढलंस.”

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं इथे कोण राहतं.

“गाडीने किती वेळ लागतो इथे यायला?”

सहा मिनिटं, ते तिला पण माहीत होतं.

तिने बॅलट भरलं. शेरीफ, जज, सगळं. काँग्रेसची जागा कोरी सोडली. ते पाकिटात घातल्यावर वर साक्षीदाराची सही लागते. मी पर्समधून पेन काढलं, सवयीने, तिचं सगळं मीच करायचे ना. ती माझ्याकडे बघून हसली. खरंच हसली, एकदम गोड. म्हणाली, “तुम्ही कशाला त्रास घेता, मी नर्सला सांगते. थँक यू, मिस रामटेके.”

नाही शीला, थांब, पुसते मी. पाकीट ओलं होईल.

जाते ना, दर रविवारी जाते. केसांना तेल लावून देते, ती लावून घेते. पाणी दिलं की थँक यू, मिस रामटेके. उशी नीट केली, थँक यू, मिस रामटेके. इतकं बरोबर म्हणते आडनाव, माझ्या प्रोफेसरांना तीन वर्षांत जमलं नाही. एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. विवेक, दोन वर्षांनी परत इलेक्शन आहे असं मला सांगू नकोस. ब्याऐंशी वर्षांची आहे ती.

मिस लूलाला तिने काही सांगितलेलं नाही. मिस लूलाला वाटलं छापणाऱ्यांची चूक झाली, नाव राहून गेलं. म्हणून तिने बॅलटवर स्वतः लिहिलं ते नाव. मला दाखवलं, बघ गं स्पेलिंग बरोबर आहे ना. थरथरत्या हाताने, पण एकेक अक्षर सुटं, परीक्षेत लिहितात तसं. त्याच्या खाली अजून एकदा लिहिलं होतं, पहिलं वाचता आलं नाही तर असावं म्हणून.

असलं मत मोजत नाहीत रे.

मी म्हटलं, हो, बरोबर आहे. ती म्हणाली, “थँक यू, बेबी.” आणि पलीकडच्या पलंगावर मिस अर्नस्टीन भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी.

दे ते पाकीट इकडे. हे कोणाचं आहे, ईडन प्रेरीवाल्यांचं? पत्ता बदललाय त्यांचा, आधी फोन करून विचार.