फ्रीजवरची चिकटपट्टी

सोमवारी ताईची अक्कलदाढ काढली. आडवी होती, थोडं हाडही कापावं लागलं. आणि शुक्रवारी ताईला शाळेत पाठ घेऊन दाखवायचा होता. जमला तर नोकरी. दोन वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं.

औषधांचं मी अंगावर घेतलं. मी दहावी नापास, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हाताखाली वर्कशॉपात लेथ मशीनवर. अण्णा हसले, "हा बघणार!"

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी, पोटात काहीतरी घालून. मग दर आठ तासांनी. मला तर लगेच पटलं. बेअरिंग ओरडायच्या आधी तेल, हे अण्णांनीच शिकवलेलं! मशीनवर लावतो तशी कागदी चिकटपट्टी फ्रीजवर लावली. गोळी, बर्फ, वेळा. झालं की पेनाने खूण.

संध्याकाळी गाल टम्म. अण्णा गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर.

"अडकलेला नट गरम केला की सुटतो."

"अण्णा, गाल आहे तो! आज फक्त बर्फ. वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा."

मंगळवारी ताई कळवळत होती. पुढच्या गोळीला तीन तास बाकी. अण्णांनी खिशातल्या पाकिटातून स्वतःची कंबरदुखीची गोळी काढली. "घे बाळा, जोरदार आहे."

ताईने तळहातावर घेतलीसुद्धा. मी अण्णांचं पाकीट उलटं केलं. मागची बारीक अक्षरं एकेक करून लावली. ताईच्या आणि अण्णांच्या, दोन्ही गोळ्यांत औषध एकच.

"ताई, थांब! डबल होईल."

"नाव तर वेगळं आहे," अण्णा.

"डबा वेगळा, तेल तेच."

अण्णांनी गोळी परत घेतली. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी मधल्या वेळेला तापाची साधी गोळी सांगितली. वर म्हणाल्या, "विचारलंत ते फार बरं केलंत." मला अहोजाहो!

बुधवारी सूज सगळ्यात जास्त. ताई आरशासमोर रडली. "या थोबाडाने जाऊ?"

"बाई म्हणाल्यात, आता उतरेल."

उतरली. सगळी नाही, पण जबडा उघडत होता.

शुक्रवारी ताई दारातूनच ओरडली, "पस्तीस मिनिटं बोलले! एक पोरगा विचारतो, बाई, गालात चॉकलेट आहे का?"

"आणि नोकरी?"

"सोमवारपासून ये म्हणाले!"

अण्णा उठून आत गेले. आपल्या गोळ्यांची पिशवी आणून माझ्यापुढे ओतली.

"कुठली कशाची, बघून दे," म्हणाले. "आणि पट्टी जरा मोठी लाव. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."