रेहानाच्या पहिल्या रोजाची बाटली

१ मे १९२४, गुरुवार. संध्याकाळची बांग नुकतीच झाली होती. रेवसजवळच्या एका घरात नऊ वर्षांची रेहाना सरबत समजून विहिरीत टाकायचे औषध प्यायली. मोठे दोन घोट. ते औषध माझ्या पोटात होते.

मी एक जुनी, हिरव्या काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणारही नाही. एका माणसाने मला फसवले आणि वर दोषही मलाच दिला. त्याचा सूड मला हवा आहे. माझ्याहून जास्त तो रेहानाच्या आईला, जहुराला हवा आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. मुंबईहून गुलाबपाणी घेऊन मी बोटीने या घरी आले. गुलाबपाणी संपले तेव्हा जहुराने मला राखेने घासले, उन्हात वाळवले आणि माझ्यात रातांब्याचे सरबत भरले. सात उन्हाळे तेच काम. फडताळाच्या मधल्या फळीवर डावीकडची जागा माझी. रमजानात सगळ्या घराचे डोळे माझ्याकडे लागत. पाहुणे म्हणत, "जहुराच्या बाटलीसारखं सरबत आख्ख्या गावात न्हाय." हे ऐकले की माझी काच तापत असे.

जहुराची एक सवय होती. माझ्यातले सरबत कोणालाही देण्याआधी ती थेंबभर तळहातावर घेऊन चाखायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्या आणि पलीकडच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकायचे जांभळे खडे, परमँगनेटचे, गावात आले. ते विरघळवून विहिरीत सोडायचे काम जहुराच्या धाकट्या दिराने, यूनुसने, आपणहून घेतले. काम चांगले होते. गावात सात विहिरी. लोक त्याला दुवा देत.

पण रोज खडे विरघळवायचा त्याला कंटाळा आला. एकदाच दाट पाणी करून ठेवावे, असे त्याच्या मनाने घेतले. घट्ट बुचाची बाटली हवी होती. एक मेच्या दुपारी त्याने मला उचलले, उरलेले सरबत तांब्यात ओतले आणि माझ्यात ते जांभळे पाणी भरले. तळाशी न विरघळलेले खडे तसेच राहिले. रातांब्याचा रंग आणि त्या पाण्याचा रंग शेजारी ठेवले तर मलाही फरक सांगता आला नसता. तो दोन विहिरींवर जाऊन आला. नमाजाची वेळ झाली म्हणून त्याने घाईने मला परत ठेवले. कुठे? माझ्याच जागेवर. कोणाला सांगितले? कोणालाही नाही.

त्या दिवशी रेहानाचा पहिला रोजा होता. नवा झगा, गळ्यात मोगऱ्याचा हार, ओटीवर शेजारपाजारच्या बायका. लहान रोजेदाराने पहिला घोट घ्यायचा, मग बाकीच्यांनी, अशी या घराची रीत. जहुराने बांगेआधीच मला उचलून पेला भरला, पाणी घातले. चाखले मात्र नाही. तिचाही रोजा होता.

बांग झाली. रेहानाने खजूर खाल्ला आणि पेला तोंडाला लावला. पुढच्या क्षणी ती किंचाळली. ओठ तपकिरी झाले होते.

यूनुस धावत आला. त्याने मला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. पण तो बोलला ते असे : "मिठाचं पाणी पाजा! ओकू द्या!" त्याने पाजले. ती ओकली आणि पुन्हा किंचाळली.

डॉक्टर दत्तात्रेय टांग्याने आले. त्यांनी तोंड धुवून दूध दिले आणि विचारले, "ओकायला कोणी लावलं? उतरताना भाजलं ते वर येतानाही भाजलं. एकदा पोळलेला घसा दोनदा पोळवलात."



पाचव्या दिवशी ईद. यूनुस शिरखुर्मा खायला बसला. जहुराने वाटीशेजारी मला ठेवले. माझ्या आत तपकिरी डाग पडले होते.

"ईद मुबारक, यूनुसभाय. हिला ओळखलंत?"

"भाभी, ओतलं तुमी. मी ओतलं का?" तो म्हणाला. "ही बाटलीच मनहूस हाय. फोडून टाका."

"फोडू कशाला? ही फुटली की तुमी सुटलात."

त्याने वाटी तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा मी पुन्हा ताटाशेजारी. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, मला त्याचे घास मोजायला आवडत होते.

वीस मेपासून रेहानाचा घास अडकू लागला. तिचे वडील नजमुद्दीन तिला बोटीने मुंबईला घेऊन गेले. जहुराच्या कडेवर तान्हे होते, ती मागे राहिली. बोट गेली त्याच संध्याकाळी तिने यूनुसला आपली शिक्षा सांगितली. ज्या सात विहिरींवर लोकांनी दुवा दिली, त्या सातही विहिरींवर उभे राहून आपण काय केले ते त्याने आपल्या तोंडाने सांगायचे.

"सांगतो. पण नाव तेवढं सोडा."

"नाव सोडलं तर ती बाटलीची गोष्ट होते," जहुरा म्हणाली. "नाव घ्यायचं. तुमचं बी, माझं बी."

पहिल्या विहिरीवर ती मला घेऊन उभी राहिली. रहाटावर पाणी ओढायला वाडीतली रंगू होती. ती हसली, "काय यूनुसशेट, आज हात रिकामा? का तोंडातून औषध सोडणार?"

यूनुसने मान खाली घालून सांगितले. रंगूचे हसू गेले. मग जहुरा म्हणाली, "मी ओतलं. न चाखता, न इचारता ओतलं."

रंगूमागे उभी असलेली कोकिळा हळूच म्हणाली, "आमचे हे उंदराचं औषध पिठाच्या डब्यावर ठेवतात."

"मग आधी घरी जा. पाणी मागनं भर," जहुरा म्हणाली.

कोकिळा कळशी तिथेच टाकून पळाली. त्या दिवशी त्या वाडीत घासलेट, उंदराचे औषध, मोरचूद यांच्या अकरा बाटल्या खाली उतरल्या. कितीतरी घरांत पुरुषांना त्या स्वतःच्या हाताने उतरवाव्या लागल्या. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, पटकीच्या दिवसांत पाणी उकळून प्या, जेवणाआधी हात धुवा. विहिरीतले औषध तुमचा वैरी नाही. पण खाण्यापिण्याच्या भांड्यात औषध भरू नका. त्याला वेगळी जागा, कुलूप आणि नाव द्या. कोणी चुकून काही प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकायला लावू नका. बाटली हातात घ्या आणि डॉक्टरांकडे धावा. आणि चूक आपली असेल तर ती तिथल्या तिथे बोला. यूनुसने मला पाहताच काय भरले ते सांगितले असते, तर मिठाचे पाणी आणायला कोणी उठले नसते.

आज १७ जून. यूनुस पाच विहिरींवर बोलला आहे, दोन राहिल्या आहेत. काल त्याने विचारले, "ह्या दोन झाल्या की माफ कराल?" जहुराने तान्ह्याला या कडेवरून त्या कडेवर घेतले आणि चुलीकडे वळली.

नजमुद्दीनचे शेवटचे पत्र ४ जूनचे आहे. त्यात लिहिले आहे की पेज उतरते, भाकरी उतरत नाही. घशात नळी घालायची की नाही हे डॉक्टर आठवड्याने सांगणार होते. तेव्हापासून समुद्र खवळलेला आहे, बोट नाही, पत्र नाही.