बुडबुडे दिसले की ओढ

मित्रांनो, रेग्युलेटर म्हटलं की तुमची नजर आधी पंख्याकडे जाते आणि मग स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीकडे. त्या दोघांशी माझं नातं नाही. मी एक जुना, पाण्याखालचा रेग्युलेटर आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस समुद्रात उतरतो, तेव्हा टाकीत ठासून भरलेली हवा त्याला सोसेल इतकी मऊ करून तोंडात देणं, हे माझं काम. माझं एक टोक टाकीवर, दुसरं माणसाच्या दातांत, मधे रबरी नळी. माणूस श्वास घेतो, तेव्हा मी हवा देतो. तो सोडतो ती हवा बुडबुडे करून बाहेर घालवतो. बुडबुड्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. तिथं मला पुसून, तपासून, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं. तेवढी काळजी पुन्हा फारशी कुणी घेतली नाही. नोकरी लागली तारकर्लीच्या किनाऱ्यावर. रोज पर्यटक यायचे, मला करकचून चावायचे, वर आले की माशांचं कौतुक करायचे, समुद्राचं करायचे आणि स्वतःचं तर करायचेच. हवेचं कौतुक करणारा माणूस मला भेटला नाही. काम झालं की मला गोड्या पाण्यात बुचकळायला हवं. सुरुवातीला बुचकळत, पुढे नुसतं झटकत. मीठ माझ्या आत वाळत गेलं. मग नवे रेग्युलेटर आले आणि मी खिळ्याला लटकलो. तिथून मला मल्हारीने उचललं.

मल्हारी चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर कामाला. आठवडाभर पत्रा कापायचा आणि सुटीच्या दिवशी समुद्राचा विचार करायचा. घराणं मेंढरं वळणारं. आई बानाबाई अजूनही थोडी मेंढरं राखून होती. अशा घरातल्या आणि समुद्रापासून एवढ्या लांबच्या माणसाला पाण्याखाली का जायचंय, हा प्रश्न सगळ्यांना पडे. कंपनीत शेजारच्या मशीनवरचा, गावचाच कडूबा तर रोज डबा उघडताना म्हणायचा, "समुद्र आला का रं गावात? आला की मलाबी आवाज दे."

शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर तात्यासाहेब शिकवायचे. नौदलातून निवृत्त झालेले, आवाज अजून जहाजावरचा. हाताशी पैसा बेताचा असलेल्यांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "सामान घेत सुटू नका. चेहऱ्याला नीट बसणारा मास्क तेवढा स्वतःचा घ्या. बाकीचं भाड्याने वापरा." मल्हारीने हे मान डोलावून ऐकलं आणि तारकर्लीला समुद्र बघायला म्हणून गेला तो मला घेऊन आला. स्वस्तात मिळालो होतो.

तात्यासाहेबांनी मला उलटसुलट करून बघितलं.

"जुना आहे त्याचं काही नाही," ते म्हणाले. "उघडून साफ कधी केलाय?"

"त्यांनी चालू हाय म्हणून सांगितलं, सर."

"चालू तर आपलं नळाचं पाणीही असतं. येतं का रोज?"

त्यांनी मला उघडायला पाठवलं. आतलं मीठ निघालं, रबरं बदलली. दुरुस्तीचा खर्च माझ्या किमतीच्या वर गेला, तरी मल्हारीने कुरकुर केली नाही. मला पुन्हा नीट श्वास देता यायला लागला. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

मल्हारी सगळं चटकन शिकला. एक गोष्ट सोडून. वर येताना तो श्वास कोंडायचा.

यात त्याचा दोष नव्हता. त्याला पाणी शिकवलं होतं मामाने. सांडूमामा म्हणजे पंचक्रोशीतला विहिरीत बुडी मारणारा माणूस. कुणाची मोटर विहिरीत पडली, कुणाच्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल गाळात रुतला, की सांडूला बोलावणं. कमरेला दोर, छातीत दम, आणि सुळकन खाली. त्या विद्येत दम सोडणं म्हणजे हार. मल्हारीचं अंग तेच शिकलेलं.

पण टाकीची हवा वेगळी. खाली पाण्याच्या दाबात भरलेली छाती वर येता येता फुगत जाते. म्हैसमाळच्या डोंगरावर नेलेली वेफर्सची पुडी कशी टम्म होते, तशी. पुडी फुटली तर वेफर्स सांडतात. फुप्फुस फुटलं तर माणूस जातो.

"वर येताना तोंडातून आऽऽ असा आवाज काढत राहायचा," तात्यासाहेब बजावत. "आवाज चालू म्हणजे हवा बाहेर. हे अंगात मुरल्याशिवाय तुला तारकर्लीच्या बोटीत घेणार नाही. पुढल्या रविवारी शेवटची परीक्षा."

मल्हारीचा आ काही निघेना. तलावावर बायापोरांसमोर तोंड वासून ओरडायची त्याला लाज वाटे. निघाला तरी अर्ध्यात विरायचा आणि गाल पुन्हा फुगायचे. शेवटी त्याने ठरवलं, गावाकडच्या विहिरीत एकट्याने सराव करायचा. तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. जाणत्या जोडीदाराशिवाय उतरायचं नाही, हे तात्यासाहेबांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मल्हारीने ते ऐकणंच सोडलं होतं. "टाकी उद्या धुऊन आणतो सर," म्हणून तो मला आणि तलावावरच्या एका भरलेल्या टाकीला मोटरसायकलवर बांधून गावी निघाला. वाटेत एकाने सिलिंडर मिळाला का म्हणून विचारलं. मल्हारी हो म्हणाला.

पण विहिरीवर बानाबाई मेंढरं घेऊन आलीच होती, सोबत सांडूमामाही. कडूबाही आला, तमाशा चुकवायचा नव्हता.

"दोर बांधल्याबिगर उतरायचं नाय," बानाबाई म्हणाली.

"आये, दोराचं काम नसतं याच्यात."

"मंग माझंबी काम नाय. चल घरी."

दोर बांधला. गाठ सांडूमामाने मारली. ती ओढ बसली की आवळत जाणारी होती. मल्हारीने समजावलं, "मामा, मी दोनदा हिसका दिला तरच ओढ. तवर ढिला सोड."

"व्हय," सांडूमामा म्हणाला. कधीच जास्त बोलत नसे.

मित्रांनो, आता त्या गावची एक रीत सांगतो. विहिरीवर दोर धरणारा माणूस पाण्याकडे बघत बसतो. बुडी मारणारा दम धरून असतो, म्हणून पाणी सपाट असतं. बुडबुडे आले म्हणजे खालच्याचा दम सुटला, तो पाणी पितोय. मग विचार करायचा नाही. ओढायचं. सांडूमामाने एकदा विचार केला होता. फकिरा नावाचा त्याचा जोडीदार खाली होता, बुडबुडे आले, फकिरा थट्टा करतोय असं वाटून सांडूमामा क्षणभर थांबला. फकिरा वर आला तो पुन्हा कधी बोलला नाही.

मल्हारीने मामाला हिसक्याचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, माझंही सांगितलं. बुडबुड्यांचं सांगायचं राहिलं. पाण्यात बुडबुडे येतात, यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं असावं. चार महिने तलावात घालवून तो विहिरीची भाषा विसरला होता.

आम्ही उतरलो. हिरवं पाणी, मग काळं. मल्हारी श्वास घेई, मी देई. तो सोडी, मी बुडबुडे वर पाठवी. अगदी शांत चाललं होतं. मी पाठवलेला एकेक बुडबुडा वर जाऊन काय करतोय, हे मला काय ठाऊक.

तळाला पाय टेकले. मल्हारीने एक मोठा श्वास घेतला. आता आ म्हणत सावकाश वर जायचं होतं.

दोर ताणला गेला.

पहिल्या ओढीत तो कमरेतून वाकला. दुसऱ्या ओढीत पाय तळावरून सुटले. त्याचे हात गाठीवर गेले, पण ती सांडूमामाची गाठ होती. वरून ओढणारे दोघं होते. कडूबाही हात मारत होता, आणि पाण्यात माणूस हलका असतो. आम्ही भर्रकन वर निघालो.

मल्हारी घाबरला, आणि घाबरलेलं अंग आपलं पहिलं शिक्षण आठवतं. त्याने दम धरला.

मला ते दातांवरून कळलं. माझं रबर कचकन दाबलं गेलं आणि पुढे काहीच नाही. ना श्वास आत, ना बाहेर. माझ्यासाठी शांततेपेक्षा वाईट बातमी नाही. काळं पाणी हिरवं होत होतं. त्याची छाती माझ्या नळीला टेकली होती आणि मला ती ताठ होताना कळत होती. सोड, सोड, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला तोंड असलं तरी ते दुसऱ्याने वापरायचं.

तात्यासाहेबांचा आ त्याला आठवला नाही. आठवली आणखी जुनी गोष्ट. डोंगरात मेंढरांत लांडगा शिरला की राखणाऱ्याच्या गळ्यातून हाळी आपोआप सुटते. विचार मागून येतो. माझ्या रबराला आधी थरथर जाणवली, मग आवाज.

"हेऽऽऽऽऽऽ"

लांबलचक, पोटातून आलेली, डोंगर ओलांडणारी ती हाळी माझ्यातून फेसाळत बाहेर पडू लागली. एवढे बुडबुडे मी उभ्या नोकरीत काढले नव्हते. ते बघून वरचे दोघं आणखी जोरात ओढू लागले. ते ओढत राहिले, तो ओरडत राहिला, आणि हिरवं पाणी पांढरं झालं. पाणी फोडून आम्ही बाहेर आलो, मी त्याच्या तोंडातून सुटलो, आणि हाळीचं उरलेलं शेपूट उघड्या हवेत निघालं. "ऽऽऽ योऽऽ!"

काठावर मेंढरांनी माना वर केल्या. आणि बानाबाईने, रडत रडत, सवयीने हाळीला हाळी दिली.

सगळे धापा टाकत होते. मल्हारी कठड्याला धरून खोकत होता.

"आरं, काय झालं व्हतं खाली?" कडूबाने विचारलं.

"काय नव्हतं झालं," मल्हारी म्हणाला. "मामा, मी हिसका दिला व्हता का?"

"बुडबुडं आलं," सांडूमामा म्हणाला.

"ते यायचेच. मी श्वास घेत व्हतो. बुडबुडे येत्यात तवर मी जित्ता."

सांडूमामाने दोराकडे बघितलं. तळहात सोलले होते. तो म्हणाला, "फकिराच्या टायमाला मी थांबलो व्हतो."

मल्हारीने दोर गोळा केला. नीट गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी त्याने तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, आणि त्यानेच मल्हारी जास्त घाबरला. आधी त्याला दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढला. फोटो चांगला निघाल्यावर ओरडले. त्या रविवारच्या परीक्षेतून त्याचं नाव कापलं. "पुढल्या तुकडीत बघू," म्हणाले. "आणि येताना दोर धरणाऱ्याला घेऊन ये."

म्हणून आता दर सुटीला सांडूमामा शहरातल्या तलावाच्या काठावर येऊन बसतो. धोतर गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात. खाली मल्हारी हाळी देत वर यायचा सराव करतो. आजूबाजूची बायापोरं हसतात, पण आता त्याला त्याचं काही वाटत नाही. पहिल्या दिवशी माझे बुडबुडे वर आले, तेव्हा सांडूमामाची मूठ नसलेल्या दोरावर आवळली होती. ती अजूनही आवळते. मग तो स्वतःशीच म्हणतो, "येत्यात. येऊ दे," आणि बोटं एकेक करून उघडतो.

तेव्हा मित्रांनो, मला घ्यायचं तर जुना घ्या, माझी हरकत नाही. पण उघडून तपासून घ्या, दरवेळी गोड्या पाण्याने धुवा, आणि एकटे उतरू नका. आणि वर जो बसणार आहे त्याला उतरायच्या आधी सगळं सांगा. अगदी बुडबुड्यांचंसुद्धा. तुम्हाला माहीत असतं म्हणून त्यालाही माहीत असतं असं नाही, आणि दोर त्याच्या हातात असतो.